गाडीने केव्हा बोलावे, केव्हा थांबावे

प्रश्न : मी रोज गोरेगावहून लोअर परळला स्वतः गाडी चालवत जातो. इंटरनेटशी जोडलेली ही नवीन गाडी नकाशा, फोन, संदेश, टायरमधील हवा असे सगळे पडद्यावर दाखवते आणि बोलूनही सांगते. मागच्या आठवड्यात भर पावसात अंधेरीच्या उड्डाणपुलापाशी लेन बदलत असतानाच सोसायटीच्या ग्रुपवरचा, उद्या पाणी बंद असल्याचा संदेश ती वाचू लागली. डावीकडून आलेली दुचाकी मला उशिरा दिसली आणि कचकन ब्रेक दाबावा लागला. हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर असूनही असे का व्हावे? चालकाचे लक्ष केव्हा गुंतले आहे, हे गाडीला कळू शकत नाही का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : आपण आणि दुचाकीस्वार दोघेही सुखरूप आहात, याचे समाधान वाटते. नजर रस्त्यावर होती, तरी ऐकलेल्या वाक्याचा अर्थ लावण्यात मन गुंतले की समोरची वस्तू दिसूनही ध्यानात येत नाही. म्हणूनच ‘हात मोकळे असले की धोका नाही’ हा समज मला घातक वाटतो. नजर हटली तर हिशेब आणखी कडक होतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पडद्यावरचे काम करताना रस्त्यावरून एका वेळी हटणारी नजर २ सेकंदांच्या आत आणि त्या कामापुरती एकूण १२ सेकंदांच्या आत असावी. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी २ सेकंदांत सुमारे ४४ मीटर अंतर कापते.

गाडीला बरेच कळू शकते. स्टिअरिंग किती वळले, ब्रेक दाबला का, इंडिकेटर आणि वायपर चालू आहेत का, ही माहिती गाडीच्या यंत्रणेत सतत फिरत असते आणि तिच्यावरून चालकावरील ताणाचा अंदाज बांधून बिनमहत्त्वाची सूचना काही सेकंद थोपवून धरता येते. काही गाड्यांत तशी सोय आहेही. आपला इंडिकेटर चालू होता, वायपर जोरात फिरत होते. पाणी बंद असल्याचा निरोप लेन बदलून होईपर्यंत सहज थांबला असता. टायरमधील हवा झपाट्याने उतरत असेल तर मात्र गाडीने तत्काळ बोललेच पाहिजे. वळणाची सूचना तर वेळेआधीच हवी. पुलावर चढल्यानंतर ‘पुलाखालून जा’ हे ऐकून काय उपयोग?

अडचण अशी की पडद्यावरचे संदेश पुष्कळदा फोनमधून येतात आणि गाडीचे इंडिकेटर-वायपर फोनला ठाऊक असतीलच असे नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी, पार्किंगमध्येच, मार्ग निश्चित करावा, संदेश वाचून दाखवण्याची सोय बंद ठेवावी आणि केवळ नकाशाचा आवाज चालू ठेवावा. २०२० मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही हातातील उपकरणाचा वापर फक्त मार्गदर्शनापुरता, तोही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने, मान्य केला आहे. सूचना थोपवण्याची सोय आपल्या मॉडेलमध्ये आहे का, हे पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी विचारून घ्यावे आणि असल्यास तिथेच चालू करून घ्यावी.