साय काढली, साखर राहिली

"मॅडम, चार दिवस झाले, डोकं उठलंय. हे मला मानवत नाहीये ना?"

मी आहाराचा सल्ला देते, आणि गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की फोनवरच्या पहिल्या 'मॅडम'वरून मला तो ओळखू येतो. वजन उतरवायला कमी कार्बचा, म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थ तोडलेला, आहार धरलेला असतो, पोळी-भात सोडलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखतं, पायात गोळे येतात, घरातल्यांवर उगाच चिडचिड होते, पोट साफ होत नाही. मग कुणी पोह्यांच्या गाडीवर परततं, तर कुणी माझ्याकडे येतं. पोह्यांकडे जाणारे अर्थातच जास्त. इंदूरच आहे शेवटी.

शुभाताईंची गोष्ट (नाव बदललं आहे) सांगते, कारण त्यांच्या एकटीत या सगळ्यांची उत्तरं सापडली.

वय चौपन्न, शाळेतून नुकत्याच निवृत्त. पुण्याच्या मुलीने मोबाईलवर तक्ता पाठवला होता: दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत कार्ब, बाकी पनीर, दही, तूप, भाज्या. ताईंनी तो शाळेच्या वेळापत्रकासारखा फ्रिजवर चिकटवला. नवव्या दिवशी त्या रामबागेतल्या माझ्या खोलीत आल्या, त्या भिंतीचा आधार घेतच.

"मी तर काही खाऊनच नाही राहिले," त्या अगदी इंदुरी मराठीत म्हणाल्या. "पोहे बंद, शेव बंद, जिलबीचं तर नावच नको. दूधसुद्धा साय काढलेलं आणते. वजन सुरुवातीला तीन किलो उतरलं, आता काटा हलत नाही. आणि सकाळी देवासमोरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी."

माझा एक शिरस्ता आहे. पहिल्या भेटीला घरातला रोजचा कप आणायला सांगते. नवे लोक हसतात. पण माझं ठाम मत आहे की माणूस काय खातो हे तो सांगू शकत नाही. त्याची भांडी सांगतात. ताईंनी पिशवीतून स्टीलचा पेला काढला, काठाला पोचा आलेला, तळाशी सासऱ्यांचं नाव कोरलेलं. मोजपात्रातून पाणी ओतलं: १४० मिलि.

"चहा किती वेळा?"

"पाचदा. बिनसाखरेचा हं!"

"आणि दूध किती?"

"आमच्याकडे पाण्याचा चहा कुणी पीत नाही."

पाच पेले, त्यात दोन तृतीयांश दूध. रात्री हळदीचं दूध एक ग्लास, ते वेगळं. दुधात, गाईचं असो की म्हशीचं, १०० मिलिमागे पाच ग्रॅमच्या आसपास दुधाचीच साखर असते. कागदावर बेरीज केली तेव्हा तेहतीस ग्रॅम झाले. दीड पोळीएवढे, आणि पन्नासातले तेहतीस नुसत्या पेल्यातच संपलेले.

"पण मी डबल टोन्ड घेते!"

इथेच बहुतेकांची फसगत होते. फुल क्रीम पिशवीत स्निग्धांश ६ टक्के असतो, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड. साखर तिन्हींत जवळपास सारखीच, कारण ती सायीत नसते, खालच्या पाण्यात विरघळलेली असते. साय काढली की पोट भरणारा भाग जातो आणि साखर जागेवरच राहते. १८६३ साली लंडनमधल्या विल्यम बँटिंग नावाच्या माणसाने (धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा) आपण वजन कसं उतरवलं ते छापून प्रसिद्ध केलं, तेव्हा पाव, साखर, बिअर, बटाटे यांच्या पंगतीत त्याने दूधही वर्ज्य सांगितलं होतं. आपल्याकडे मात्र दूध म्हणजे पथ्यच, ही समजूत काही सुटत नाही.

तूप आणि लोणी यांत साखर जवळजवळ नसते. पनीरमध्ये थोडी, कारण बरीचशी निवळीबरोबर निघून जाते, चक्क्याचंही तसंच. (चक्का चालतो, श्रीखंड नाही. हा प्रश्न पाडव्याच्या आधी दर वर्षी येतो.) ताकाचा पेला पाणी घालून केलेला, म्हणून त्यात दोनेक ग्रॅम. आपली इंदुरी शिकंजी मात्र लिंबाची नाही, आटवलेल्या दुधाची आणि साखरेची. नाव पाहून फसायचं नाही.

वजनाचा काटा का अडला ते एवढ्यात कळलं. अंधारीचं कोडं सुटायला दुसरी भेट लागली.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्याकडून आदल्या दिवसाचं सगळं वदवून घेत होते. पनीर, मेथी, दुधी, पुन्हा पनीर. पाणी तीन लिटर, कारण तक्त्यात लिहिलेलं. ऐकताना काहीतरी खटकत होतं, पण हाताला लागत नव्हतं. सहज विचारलं, "ताई, मीठ कशात?"

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "भाजीत चिमूटभर. मीठ तर शेवेत असायचं."

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं मी शेवेकडे बेसन आणि तेल म्हणूनच बघत होते. इंदूरच्या माणसाच्या ताटात पोह्यांवर शेव, वरणावर शेव, भाजी नसेल तर शेवेची भाजी. ती बंद झाली की पिठाबरोबर मीठही जातं. वर पनीर आलं, तर ते आळणी. चीजसारखं खारवलेलं नसतं.

शरीरात याच दिवसांत दुसरंही काही चालू असतं. लिव्हर आणि स्नायूंत साखरेचा चारपाचशे ग्रॅम साठा असतो, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. कार्ब तोडले की साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं. पहिले तीन किलो बरेचसे हेच. इन्सुलिन उतरतं, तशी मूत्रपिंडं मीठ जास्त सोडू लागतात. म्हणजे जाणं वाढलेलं, येणं थांबलेलं, आणि वरून तीन लिटर पाणी. डोकं दुखणार नाही तर काय!

माझी चूक इथे कबूल करते. "मग मीठ वाढवा" हे माझ्या तोंडात आलं होतं, आणि तेवढ्यात त्यांनी पर्समधून रक्तदाबाच्या गोळीची पट्टी काढली. गोळ्यांचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा असतो. मी पेला मोजण्यात रमले होते. बसवून आणि उभं करून रक्तदाब घेतला, उभ्याने बराच उतरत होता. त्यांना त्याच संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली आणि ताकात मीठ घ्यायला हरकत नाही म्हणाले.

यजमानही आता बायकोबरोबर पोळी सोडायच्या बेतात होते. त्यांना मी हातच जोडले. ते मधुमेहाची, लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी घेतात. ती चालू असताना कार्ब एकदम तोडले तर रक्तातली साखर फार न वाढताही रक्तात घातक आम्ल साठू शकतं. काही दुसऱ्या गोळ्यांनी साखर नको तितकी खाली येते. अशांनी, आणि मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना पोळी सोडावी, ना मीठ वाढवावं. उलट्या, धाप, किंवा दोन आठवड्यांनीही न हटणारा थकवा असेल तर माझ्याकडे नाही, दवाखान्यात जावं.

ताईंचं पुढचं तसं सोपं होतं. दुपारी आणि संध्याकाळी जिरेपूड-मीठ घातलेलं ताक. पाणी तहानेपुरतं. पनीर निम्मं, त्या जागी दोडका, मेथी, कोबी, आणि रात्री चमचाभर इसबगोल, भरपूर पाण्यातून. चहा पाचावरून दोनावर, पण दर तीन दिवसांनी एक कमी करत. एकदम तोडला तर डोकं चहासाठीही दुखतं आणि दोष बिचाऱ्या आहाराला जातो. दूध फुल क्रीम, पण थोडं. "साय काढायची नाही?" हे त्यांनी मला तीनदा विचारलं.

चौथ्या दिवशी फोन आला, डोकं शांत होतं. पोट सुधारायला दोन आठवडे लागले.

डिसेंबरात एका रात्री पुन्हा फोन. मागे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचा गलका, गराडूचा कंद तळणाऱ्या कढईचा आवाज.

"मॅडम, गराडू?"

"चार तुकडे," मी म्हटलं.

पलीकडून यजमानांचा आवाज आला, "आणि शिकंजीचं विचार."

मी काही बोलायच्या आत ताईच त्यांना म्हणाल्या, "आधी ग्लास केवढा आहे ते बघा."