'विज्ञानात एकदम मागे पडली' म्हणणाऱ्या पालकांसाठी

मी समुपदेशक आहे. पहिली चाचणी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं : "पाचवीपर्यंत विज्ञानात पैकीच्या पैकी मिळायचे हो, आता काय झालं कळत नाही." मूल सहावी ते आठवीतलं असतं, बाकीचे विषय ठीक असतात. इतक्यांदा हे ऐकलंय की एका मुलीच्या निमित्ताने सविस्तर लिहावंसं वाटलं. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे.

सातवीतली मुलगी. आई म्हणाली, "मॅडम, रोज दोन-दोन तास वही घेऊन बसते. व्याख्या तोंडपाठ आहेत. तरी पेपरात गुण जातातच. शिकवणी लावू का?"

मी पेपर बघायला मागितला. व्याख्यांचे गुण पूर्ण होते. गेले होते ते 'कारण द्या'चे, तक्त्यावरून निष्कर्ष काढायचे आणि प्रयोगातली एक गोष्ट बदलली तर काय होईल, याचे. तिथे तिने काही लिहिलंच नव्हतं.

"हा प्रश्न कोरा का सोडलास गं?"

"पुस्तकात नव्हता."

"मग अंदाजाने लिहायचं."

"चुकलं असतं तर?"

"चुकलं असतं तर काय झालं असतं?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "सगळ्यांना कळलं असतं, मी हुशार नाहीये ते."

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर माझं काम उभं आहे. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी रोज पाहते. इथे घटना एवढीच, की काही गुण कमी पडले. 'मी हुशार नाही' हा तिने लावलेला अर्थ. शिकवणीने त्या अर्थाला धक्काही लागला नसता.

या वर्षांत विज्ञान खरोखरच बदलतं, हे पालकांनी आधी समजून घ्यावं. तोवर फुलाचे भाग आणि ग्रहांची नावं पाठ असली की भागत होतं. आता 'कशावरून?' हा प्रश्न येतो. मोजमाप येतं, एककं येतात, आलेख येतो. कण, पेशी, विद्युतधारा अशा नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मनात उभ्या कराव्या लागतात. अशा 'जर-तर'च्या विचाराची सुरुवात साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास होते, असं मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मांडलं. पण ती सगळ्यांची एकाच महिन्यात होत नाही. एकाच बाकावरची दोन मुलं यात वर्षभर मागेपुढे असू शकतात.

त्यातही अवघड भाग असतो तो रोजच्या अनुभवाशी होणाऱ्या भांडणाचा. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, असं बहुतेक मुलांना मनापासून वाटतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. ऋतू होतात ते तिचा अक्ष सुमारे 23.5 अंशांनी कललेला असल्यामुळे. मुलाने पहिलं उत्तर दिलं तर ते मठ्ठ ठरत नाही. त्याने विचार केलेला असतो, माहिती अपुरी असते.

एका भेटीत मी तिला विचारलं, "एवढ्या मोठ्या झाडाचं लाकूड येतं कुठून?"

"मातीतून." पुस्तकाचा आधार न घेता दिलेलं तिचं हे पहिलं उत्तर.

मग तिला सतराव्या शतकातल्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. त्याने साधारण 90 किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली, विलोचं रोप लावलं आणि 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सुमारे 74 किलोंनी वाढलं.

"माती किती कमी झाली असेल?"

"अर्धी?"

"साठ ग्रॅमसुद्धा नाही."

तिने कागद ओढून वजाबाकी केली आणि जवळजवळ ओरडलीच, "म्हणजे पाण्यातून आलं!"

"त्यानेही हेच लिहिलं. आणि तोही चुकला. लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. गंमत म्हणजे कोळसा जळताना निघणारा हाच वायू त्याने स्वतः नोंदला होता, पण झाडाशी त्याचा संबंध त्याच्या मनात आला नाही."

ती कागदाकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "पण त्याने माती मोजून ठेवली ना. म्हणून नंतरच्यांना कळलं, तो कुठे चुकला ते."

हे मी सांगितलं असतं तर तिने वहीत उतरवून पाठ केलं असतं. ते तिचं तिला सापडलं. इतक्या वर्षांच्या कामात मला अशाच क्षणांचं समाधान सर्वांत जास्त वाटतं, कारण त्यानंतर मुलाला धीर देत बसावं लागत नाही. चूक आणि आपली लायकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने स्वतः पाहिलेलं असतं.

पुढचं काम सोपं होतं. प्रत्येक प्रयोगाआधी वहीत अंदाज लिहायचा, मग निरीक्षण, मग फरक का पडला ते. अंदाज खोडायचा नाही. वडिलांना मी विनंती केली, की तिचं उत्तर ऐकताक्षणी दुरुस्त करू नका, आधी "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा. आईला म्हटलं, "आज काय शिकवलं?"ऐवजी "आज काय वेगळंच निघालं?" असं विचारून बघा. पुढच्या चाचणीत गुण थोडेच वाढले, पण एकही प्रश्न कोरा नव्हता.

पालकांनी पहिल्या सहामाहीत गुण थोडे उतरतील हे धरूनच चालावं आणि पेपरात गुण नेमके कुठे गेले ते बघावं. एकक लिहायचं राहणं, आलेखाचे अक्ष उलटे होणं हे सरावाने सुटतं. मात्र सगळेच विषय एकदम घसरले, वाचायला त्रास होऊ लागला किंवा मूल शाळेत जायलाच नको म्हणू लागलं, तर ते विज्ञानाचं दुखणं नाही. तेव्हा वाट न बघता डोळे तपासून घ्या, वर्गशिक्षकांना भेटा आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे या.