गळ टाकण्याआधी ठेका कुणाचा ते विचारा

भाऊ, हतनूर असो की गिरणा, धरणातली मासेमारी सहसा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असते. ठेका बदलला की काठावरचे नियमही बदलतात. गेल्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेलच असं धरून जाऊ नका. परवानगी लेखी घ्या, तोंडी शब्दाला राखणदार जुमानत नाही.

पावसाळ्यात गळ घरीच ठेवा. तेव्हा रोहू, कटला गाभोळीने टच्च भरलेले असतात, एका मादीबरोबर लाखो अंडी जातात. चुकून लागलीच, तर हात ओले करून गळ सोडवा आणि लगेच पाण्यात सोडा.

राग याचा येतो की गळवाल्याला हटकतात, पण बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं रातोरात पिल्लांसकट तळं उपसतं, तिकडे कुणी फिरकत नाही. असं जाळं दिसलं तर भांडू नका. जागा, वेळ लिहून मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या.