वाचकांचे प्रश्न : रियुनियन, मॉरिशस आणि आपला काळा कातळ

*माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. त्याने मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटावरचे फोटो पाठवले. तिथला काळा दगड अगदी आपल्या पाचगणीच्या घाटातल्यासारखा दिसतो. हा योगायोग की काही नातं आहे?*
— एक वाचक, वाई

नातं आहे, आणि चांगलं जवळचं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटातून अतितप्त खडक वर येतो अशी एक जागा त्याच्या वाटेत होती. आपला पश्चिम भाग तिच्यावर आला, जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले. रायगड, कळसूबाई, महाबळेश्वर, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली तो खडक, हे सगळं त्यातूनच घडलं. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते तीच जागा आज रियुनियनखाली आहे.

शिवणयंत्राची सुई जागच्या जागी वरखाली होते आणि कापड पुढे सरकत जातं, तसं हे झालं. भारत पुढे गेला आणि मागे टाक्यांची ओळ उरली : लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसखालची समुद्रातली डोंगररांग, मग पाण्याखालचे साया दे माल्या आणि नाझारेथ हे उथळ पट्टे, मग मॉरिशस. मॉरिशस साधारण ८०-९० लाख वर्षांचं. रियुनियनने समुद्रातून डोकं वर काढलं त्याला जेमतेम वीसेक लाख वर्षं झाली असतील. याच बेटांसोबत मास्करीन समूहात गणलं जाणारं छोटं रॉड्रिग्ज मात्र या ओळीपासून बाजूला, पूर्वेला पडतं.

मी साताऱ्यात भूगोल शिकवायचे. मुलांना दगडाचा तुकडा हातात दिल्याशिवाय धडा सुरू करायचा नाही, ही माझी सवय. आपल्याकडच्या खडकात बारीक पोकळ्या असतात, त्यात पांढरे झिओलाइटचे खडे भरलेले दिसतात. लाव्हा थिजताना त्यातले वायू अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे लाखो वर्षं झिरपत्या पाण्याने त्या भरल्या. रियुनियनला गेले तेव्हा पूर्व किनाऱ्यावर २००७च्या लाव्ह्यावर उभी होते. तिथे त्याच पोकळ्या, पण सगळ्या रिकाम्या. कडा इतक्या धारदार की हात टेकवला तर खरचटतं. उन्हात दगड फिरवून पाहिला तर आत ऑलिव्हिनचे हिरवे, काचेसारखे कण चमकतात. पावसाची सर आली की भेगांमधून वाफ निघायची, कारण आतला खडक अजून निवला नव्हता. फटींत नेचे उगवायला लागले होते. आपला सह्याद्री लहान असताना कसा दिसत असेल, हे मला तिथे कळलं. तुमच्या मुलाला सांगा, बोट पुन्हा तिकडे लागली तर हे जरूर बघून ये.

*आम्ही २०२१चा पूर पाहिलाय. रियुनियनला याहून जास्त पाऊस पडतो म्हणतात, ते खरं का?*
— एक वाचक भगिनी, चिपळूण

खरं आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. रियुनियनच्या फोक-फोक या ठिकाणी जानेवारी १९६६मध्ये चक्रीवादळात २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. म्हणजे जवळपास दुप्पट. २००७च्या फेब्रुवारीत गामेद वादळात तिथल्याच क्रातेर कोमर्सन या ज्वालामुखीच्या विवरापाशी तीन दिवसांत ३,९०० मिलिमीटरच्या वर नोंद झाली. हे जागतिक विक्रम आहेत.

कारण साधं आहे. बेट छोटं, अडीच हजार चौरस किलोमीटरचं, आणि मधोमध पितों दे नेज हा तीन हजार मीटरहून उंच डोंगर. आग्नेयेकडून येणारे बाष्पाचे वारे त्यावर आदळून वर चढतात आणि पूर्वेकडेच रिकामे होतात. पश्चिम किनाऱ्याला उरतं ऊन आणि कोरडं गवत. आपल्या घाटमाथ्यावरून माणदेशाकडे उतरताना जे दिसतं तेच, पण तिथे तासाभराच्या मोटारप्रवासात. फरक एवढाच की तिथला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, आणि वादळंही तेव्हाच. जानेवारी २०२४मध्ये बेलाल वादळाने मॉरिशसच्या पोर्ट लुईत रस्त्यांवरून मोटारी वाहून नेल्या.

*या बेटांवरचे मूळ रहिवासी कोण?*
— नववीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

कोणीच नाही, बाळ. माणसाचं पाऊल पडण्याआधी तिथे डोडो हा न उडणारा पक्षी होता, महाकाय कासवं होती. डच १६३८मध्ये मॉरिशसला वस्तीला आले आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत डोडो संपला. पुढे फ्रेंच आले, उसाचे आणि कॉफीचे मळे आले, आणि मळ्यांसाठी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून आणली गेली. पळून गेलेले गुलाम डोंगरात लपायचे. रियुनियनमधल्या माफात या खोल दरीत आजही मोटारीचा रस्ता नाही. चालत जा नाहीतर हेलिकॉप्टरने.

एका मुलाबद्दल तुला सांगायलाच हवं. एडमों आल्बियस, रियुनियनचा, जन्माने गुलाम. व्हॅनिलाची वेल मेक्सिकोहून आणली होती, पण तिला फळ धरेना, कारण तिकडचे परागण करणारे कीटक इथे नव्हते. १८४१मध्ये, बारा वर्षांचा असताना, त्याने बारीक काडीने फुलातला पातळ पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग खालच्या भागावर दाबले. एवढंच. फूल एकच सकाळ उमलतं, त्यामुळे हे काम त्याच दिवशी व्हावं लागतं. आज जगभर व्हॅनिलाचं परागण याच रीतीने, हातानेच होतं. तो १८८०मध्ये गरिबीत वारला. हे वाचताना आजही माझा जीव कळवळतो.

मॉरिशसमध्ये १८३५ला गुलामगिरी संपली, पण त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ला, भारतातून करारावरच्या मजुरांचं जहाज पोर्ट लुईला लागलं होतं. पुढच्या दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसं आली. त्यात मुंबई बंदरातून निघालेली, बरीचशी कोकणातली, आपली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं घरात क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली बोली बोलतात, शाळेत मराठी शिकतात. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते.

*ज्वालामुखीच्या बेटावर राहायची लोकांना भीती वाटत नाही का? आणि आम्ही बघायला जावं का?*
— एक जोडपं, ठाणे

रियुनियनचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी वरचेवर जागा होतो, पण त्याचा लाव्हा पातळ, वाहता आणि बहुधा डोंगराच्या कुशीतल्या निर्मनुष्य खोलगटातच राहणारा. १९७७मध्ये मात्र तो बाहेर पडला. पितों सेंत-रोझ गावात शिरला, घरं गिळली आणि चर्चला वळसा घालून समुद्राकडे गेला. चर्च अजून उभं आहे. त्यानंतर, १९७९पासून, डोंगरावर कायमची वेधशाळा आहे. उद्रेकाआधी जमीन किंचित फुगते, भूकंपाचे बारीक धक्के बसतात, ते टिपून वाटा बंद करतात.

जरूर जा. मॉरिशसला जाणारे आपले लोक किनाऱ्यावरूनच परततात, हे मला फार खटकतं. किमान क्युरपिप शहरातलं त्रू ओ सेर्फ हे विवर आणि गंगा तलाव तरी पाहा. तो तलावही विवरातच साठलेला आहे. रियुनियन तिथून विमानाने तासाभराच्या आत. मे ते ऑक्टोबर हा काळ धरा. जुलैत ज्वालामुखीच्या माथ्यावर पहाटे हात गोठतात, तेव्हा स्वेटर आणि पक्के बूट घ्या, आणि वाट बंद असल्याची पाटी दिसली तर ती ओलांडू नका.