'नेग्रित्यूद'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: कॅरिबियनमधल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटाचा कवी आणि राजकारणी एमे सेझेर याच्यावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'नेग्रित्यूद'साठी (आपलं काळं असणं अभिमानाने मिरवण्याच्या विचाराला सेझेरने दिलेलं फ्रेंच नाव) 'कृष्णत्व' चालेल का?

माझ्या मते नाही. एक तर 'कृष्णत्व' म्हटलं की आधी मुरलीधरच आठवतो. पण खरी अडचण वेगळी आहे. 'कृष्णवर्णीय' हा आपला वर्तमानपत्री, सोवळ्यातला शब्द. फ्रेंचमध्ये तसा सभ्य शब्द 'न्वार'. सेझेरने तो बाजूला ठेवून मुद्दाम 'नेग्र' उचलला, म्हणजे गुलामांच्या व्यापाराचा वास असलेला, हिणवायचा शब्द. मार्टिनिकमधली शिकलीसवरली मंडळी तर म्हणायची, नेग्र म्हणजे ते आफ्रिकेतले, आम्ही नव्हे! त्या शब्दाला त्याने लॅटिन वळणाचा भारदस्त प्रत्यय लावला. शिवीच्या खांद्यावर शेला. 'कृष्णत्व'मध्ये शेला उरतो, शिवी गळून जाते.

हे घडलं पॅरिसमध्ये, 1935 च्या सुमारास. सेझेर, सेनेगलचा सेंघोर आणि फ्रेंच गयानाचा दामा तिथे विद्यार्थी होते. पुढे 1939 च्या आपल्या दीर्घकवितेत सेझेर हैतीबद्दल म्हणतो की, तिथे नेग्रित्यूद पहिल्यांदा आपल्या पायांवर उभी राहिली. गुलामांनी बंड करून 1804 साली स्वतंत्र केलेला तो देश. कुठलाही प्रतिशब्द या ओळीत घालून पाहावा. 'काळेपणा उभा राहिला' हे हास्यास्पद होतं, कारण 'काळेपणा' म्हणजे नुसता कातडीचा रंग. शिवाय 'पणा'ला आपल्याकडे मूर्खपणा, आगाऊपणा अशी संगत. 'माणूसपण', 'बाईपण' यांच्या चालीवरचं 'काळेपण' बरंच जवळ जातं.

काहींनी 'दलित' शब्दाची आठवण काढली. दलित पँथरने 1972 साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, तेव्हा नातं आहेच. पण शब्दांची वाट उलटी आहे. 'दलित' हे लादलेली नावं नाकारून घेतलेलं नाव. 'नेग्र' हे लादलेलंच नाव, अंगावर मिरवलेलं.

तेव्हा मूळ शब्दच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे विभक्ती न लावता सरळ 'काळेपण' असा अर्थ द्या. (विभक्ती लागली की 'काळेपण' आणि 'काळेपणा' दोन्हींचं 'काळेपणाचा'च होतं, ही मराठीची खोडी.) लिंग? फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, मीही 'ती नेग्रित्यूद'च लिहितो.