जिम्नॅस्टिक्सच्या क्लबमध्ये प्रशिक्षक, पालक आणि मुलं या सगळ्यांसाठी वागण्याचे कोणते नियम असावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊ वर्षांची आहे आणि क्लबने पालकांच्या हातात पानभर नियम ठेवलेत: सरावाच्या वेळी आत बसायचं नाही, सरांना मधे मधे प्रश्न विचारायचे नाहीत, खाडा चालणार नाही. प्रशिक्षकांसाठी काय नियम आहेत असं विचारल्यावर 'सरांना कसले नियम?' असं उत्तर मिळालं.

मी स्वतः लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवते, म्हणून स्पष्टच सांगते. ते पान अर्धवट आहे. नियमावलीत पहिलं नाव प्रशिक्षकाचं हवं, कारण हॉलमध्ये सगळ्यात जास्त अधिकार त्याच्याकडे असतो. चौथीतली मुलगी बारवर उलटी लटकलेली असते, आणि ती पडणार की नाही हे खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर ठरतं. अशा माणसाला 'नको' म्हणायला लहान मुलाला किती धीर लागत असेल बघा. म्हणून माझ्या मते सगळे नियम एकाच गोष्टीसाठी आहेत: मूल 'थांबा' म्हणालं की थांबलं पाहिजे, आणि ते म्हणाल्याबद्दल त्याला काही भोगावं लागू नये.

सुरुवात स्पर्शापासून करते, कारण आमच्या खेळात हात न लावता शिकवताच येत नाही. बॅक वॉकओव्हर (मागे वाकून हातांवरून पलटी घेत पुन्हा उभं राहणं) शिकवताना माझा एक हात मुलीच्या कमरेच्या मागे असतो, दुसरा मांडीच्या मागे. हात वेळेवर पोचला नाही तर ती मानेवर पडू शकते. पण हात कुठे येणार हे मी आधी तोंडाने सांगते, एकदा उभ्यानेच दाखवते, 'चालेल ना?' विचारते आणि मगच सुरू करते. हालचाल जमायला लागली की सपोर्ट काढून घ्यायचा. हे सगळं भर हॉलमध्ये, इतरांच्या डोळ्यांदेखत. शाबासकी म्हणून पाठीवरून हात फिरवणं, चुकलं म्हणून चापट मारणं, 'बघू कुठे दुखतंय' म्हणत एकटीला खोलीत नेणं, यातलं काहीही शिकवण्याचा भाग नाही. मालिश किंवा उपचार लागलाच तर तो जाणकाराने करायचा, पालक किंवा दुसरी मोठी व्यक्ती समोर असताना, आणि काय करणार हे आधी समजावून.

मी यावर इतकी अडून बसते त्याला कारण आहे. लॅरी नासर हा अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली त्याने वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण केलं. काही वेळा तर आईवडील त्याच खोलीत असायचे आणि तो त्यांना दिसणार नाही असा आडवा उभा राहायचा. टेक्सासमध्ये कॅरोली या प्रशिक्षक दांपत्याच्या रँचवर राष्ट्रीय शिबिरं व्हायची, तिथे पालकांना येऊ देत नसत. काही मुलींनी १९९० च्या दशकातच मोठ्या माणसांना सांगितलं होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही. २०१६ मध्ये इंडियानापोलिस स्टार या वृत्तपत्राने प्रकरण बाहेर काढलं आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा 'पालकांनी आत यायचंच नाही' हा तुमच्या क्लबचा नियम मला मुळीच मान्य नाही. मुलांचं लक्ष विचलित होतं हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे बाहेरून दिसेल अशी काच, उघडं दार, किंवा पालकांनी पाळीपाळीने शांत बसणं.

आता दुखण्याबद्दल. स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून, बसलेल्या मुलीच्या खांद्यांवर वजन टाकून तिला खाली दाबणारे प्रशिक्षक आजही आहेत. मुलगी रडते, बाकीच्या मुली नजर चुकवतात, आणि घरी सांगितलं की 'लवचीकपणा असाच येतो' असं ऐकायला मिळतं. असा येत नाही. मुलीने स्वतःच्या ताब्यात, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इथपर्यंत जायचं, तिथे थांबायचं, श्वास सोडायचा. हे आठवड्यांचं, महिन्यांचं काम आहे. ब्रिटनमध्ये जून २०२२ मध्ये व्हाइट रिव्ह्यू हा चौकशी अहवाल आला, त्यात अशा जबरदस्तीच्या स्ट्रेचिंगबरोबर पाणी न देणं, शौचालयाला जाऊ न देणं, वजनावरून मुलींना छळणं हे सगळं नोंदलेलं आहे. त्यानंतर तिथे प्रशिक्षकांनी मुलांचं वजन करायला बंदी आली. आपल्याकडे 'जाडी झालीस, बीम (तोल सांभाळायची अरुंद पट्टी) मोडेल' हे वाक्य विनोद म्हणून खपतं. ते बंद व्हायला हवं, सरांकडून आणि आयांकडूनही.

मनगटाचं दुखणं विशेष सांगते. जिम्नॅस्टिक्समध्ये हातांवर अख्ख्या शरीराचा भार येतो आणि मनगटाजवळ हाडाचा वाढीचा भाग या वयात कोवळा असतो. तिथे रोज दुखत असेल तर क्रेप बँडेज गुंडाळून सराव चालू ठेवायचा नसतो. हँडस्टँड, व्हॉल्ट (धावत येऊन साधनावर हात टेकून मारायची उडी) बंद, आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे. पाठ मागे वाकवताना कंबर दुखत असेल तरी तेच. भीतीलाही हाच न्याय लावा. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरीत एका व्हॉल्टनंतर बाजूला झाली, कारण हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भानच तिला राहत नव्हतं. तीच २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा ऑलराउंड (सगळ्या साधनांचे गुण मिळून) विजेती झाली. काल जमणारी उडी मुलीला आज भीतीदायक वाटत असेल तर दोन पायऱ्या खाली या, फोम पिटमध्ये (मऊ फोमने भरलेल्या खड्ड्यात) करून घ्या. ओरडून भीती जात नाही.

पालकांनाही नियम हवेतच, त्यात तुमचा क्लब चुकलेला नाही. बाहेरून 'पाय सरळ, पाय सरळ' ओरडू नका. बीम दहा सेंटिमीटर रुंदीची असते आणि तिच्यावरच्या मुलीला त्या क्षणी एकच आवाज पुरे. दुसऱ्यांच्या मुलांचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. दहावीच्या क्रीडागुणांसाठी किंवा पदकासाठी जन्मतारखेत फेरफार करायला सांगणारे पालक मी पाहिले आहेत. क्लबने अशांना दारातूनच परत पाठवावं. स्पर्धेत गुणांवरून पंचांशी भांडायला जाऊ नका. हरकत घ्यायची ती प्रशिक्षकाने, ठरलेल्या वेळेत, आणि तीही काठिण्याच्या गुणांवर, म्हणजे कसरती किती अवघड होत्या त्याच्या गुणांवर. सादरीकरणाच्या गुणांवर हरकत चालत नाही. गाडीत बसल्या बसल्या चुकांची उजळणीही नको. आधी डबा खाऊ द्या.

मुलांचे नियम थोडे आहेत. कुणी धावत असताना व्हॉल्टच्या रनवेवर जायचं नाही, मोठं कुणी नसेल तर साधनांवर चढायचं नाही, दागिने आणि च्युइंगगम बाहेर, पडलेल्याला हसायचं नाही. हे त्यांना एकदा नीट सांगितलं की ती मोठ्यांपेक्षा बरी पाळतात.

खरी ढिलाई असते कार्यकारिणीत. प्रशिक्षक नेमताना पोलिस पडताळणी केली का? मुलांना सर एकेकट्याने व्हॉट्सॲप मेसेज करतात का? बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर महिला व्यवस्थापक असते का, आणि झोपायच्या खोल्या वेगळ्या असतात का? तक्रार ऐकणारी व्यक्ती सरांच्या नात्यातली तर नाही ना? हे प्रश्न लेखी विचारा. आणि लैंगिक छळाचा संशय आला तर 'आपसात मिटवू' हा पर्यायच नसतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती असलेल्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ हॉलच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावायला सांगा.

तुम्ही शेवटी विचारलंत, क्लब बदलू का? लगेच नको. आणखी दोन-तीन पालकांना बरोबर घ्या, प्रशिक्षकांसाठीचे नियम लिहून सरांसमोर ठेवा आणि त्यावर त्यांची सही मागा. चांगला प्रशिक्षक कदाचित थोडा दुखावेल, पण सही करेल, दोन मुद्दे स्वतःहून वाढवेलही. ते चिडले, किंवा दुसऱ्या दिवसापासून तुमच्या मुलीला रांगेत मागे उभं करू लागले, तर त्या महिन्याची फी सोडून द्या आणि तिला तिथून काढा.