फायरप्लेसची नळी छपरातून नेण्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बसायच्या खोलीत गॅसची फायरप्लेस हवी आहे आणि कंत्राटदाराने तीन पर्याय दिलेत. धूर बाहेर नेणारी नळीच नसलेली व्हेंट-फ्री, ही सर्वांत स्वस्त. दुसरी बाहेरच्या भिंतीला लागून, नळी भिंतीतून सरळ बाहेर. तिसरी तुमच्या मनात भरलेली: आतल्या भिंतीत फायरप्लेस आणि नळी वरच्या मजल्यातून छपराबाहेर. तिसरीला पैसे कमी पडतात, तेव्हा अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी, की तूर्त व्हेंट-फ्री घेऊन पुढच्या वर्षी तिला नळी जोडावी?

नंतर नळी जोडण्याचा बेत सोडून द्या. व्हेंट-फ्री यंत्राचा बर्नर आणि पेटी नळीच्या हिशेबाने बनवलेली नसते, त्यामुळे पुढच्या वर्षी जुनं काढून नवं घ्यावं लागेल. एकाच हौसेचे पैसे दोनदा. शिवाय जळून जे निघतं ते सगळं खोलीतच राहतं. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. खिडक्या-दारं गच्च बंद असलेल्या घरात त्याची ओल भिंतींना धरते, मग बुरशी, मग रंगकाम. कार्बन मोनॉक्साइडची धास्ती वेगळीच.

आता भिंत की छप्पर. दोन्हीकडे डायरेक्ट व्हेंटच घ्या. त्यात नळीच्या आत नळी असते: बाहेरच्या नळीतून ज्वलनासाठी हवा येते, आतल्या नळीतून धूर जातो, पुढची काच पक्की बंद. खोलीतली तापलेली हवा वाया जात नाही. म्हणजे फायरप्लेस तीच, ऊबही जवळपास तेवढीच. फरक पडतो तो नळीच्या वाटेत. छपराच्या वाटेवर नळीची लांबी वाढते, मजला ओलांडताना आगरोधक पट्टी लागते, वर नळी झाकायला खोका करावा लागतो आणि तो वरच्या खोलीची जागा खातो. छपराला भोक पडलं की तिथलं जलरोधन आलंच. कोटेशनमध्ये यातलं निम्मं ‘इतर कामे’ या एका ओळीत दडलेलं असतं, हे मी बरेचदा पाहतो.

वळणांचंही बघा. प्रत्येक कोपरा नळीच्या मंजूर लांबीतून काही भाग कापतो. किती, ते कंपनीच्या माहितीपुस्तकातल्या तक्त्यात दिलेलं असतं. मर्यादा ओलांडली तर पंखा लावून धूर ढकलावा लागतो. पंखा आला की वीज गेल्यावर फायरप्लेस बंद, आणि वीज नसतानाही ऊब मिळावी म्हणून तर अनेक जण ती घेतात!

माझं मत दुसऱ्या पर्यायाला आहे. मुदत ठेव मोडू नका. मोडल्याने बुडणारं व्याज किरकोळ असेल, पण त्यानंतर आजारपण आलं किंवा नोकरी गेली तर वैयक्तिक कर्ज काढावं लागेल, आणि त्याचं व्याज ठेवीच्या व्याजाहून कितीतरी जास्त असतं. भिंतीत आणि छपरात गाडलेले पैसे त्या वेळी परत काढता येत नाहीत. आतल्या भिंतीचाच हट्ट असेल तर वेगळं आवर्ती खातं उघडा आणि रक्कम जमेपर्यंत थांबा. दरवर्षीच्या तपासणीचा खर्च मात्र दोन्ही पर्यायांत धरा.

कंत्राटदाराला पैसे देण्याआधी नळीचा आराखडा मागा: लांबी, वळणं आणि बाहेरचं तोंड खिडकी, दार, गॅस मीटरपासून किती दूर, हे सगळं आकड्यांत. काम माहितीपुस्तकाप्रमाणे होईल असं लेखी घ्या. तसं नसेल तर वॉरंटी हातची जाते आणि विमा कंपनीलाही हरकत घ्यायला जागा मिळते. नळीचं तोंड खिडकीखाली येत असेल तर फायरप्लेसची जागा कागदावरच सरकवून घ्या. नळी बसल्यावर त्याच कामासाठी भिंत पुन्हा फोडावी लागते.